टेबलावरचं रिव्हॉल्वर

“नळी कापलेली आहे,” भिंगकाका म्हणाले आणि त्यांनी रिव्हॉल्वर मऊ कापडावर परत ठेवलं.

“शक्यच नाही,” ते घेऊन आलेला थोरला मुलगा ताडकन म्हणाला. “बाबांनी ते होतं तसं जपलंय.”

जुन्या हत्यारांच्या त्या दुकानात भिंगकाकांचं खरं नाव कुणी घेत नसे. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ते चहाचा कपसुद्धा उचलत नाहीत, अशी त्यांची चेष्टा चाले. थोरल्याचा चढलेला आवाज त्यांनी कानाआड केला.

“कापलीय. नेम धरायची पुढची माशी नंतर डाख देऊन बसवलीय. वर निकेलचा मुलामा. मूळची मूठ लाकडी असणार, ती काढून शिंगाची घातलीय. कारखान्याचा शिक्का मुलाम्याखाली बुजलाय, पण आहे. वस्तू अस्सल. फक्त तिच्यावर फार लोकांचे हात फिरलेत.”

“मग किंमत?”

“मूळ रूपात असती तर संग्राहक एकमेकांच्या उरावर बसले असते. आता कुणी हौशी माणूस घेईल, शोभेला.”

“विकायचंय कुणाला? विम्यासाठी विचारतोय.” थोरल्यानं छाती पुढे काढली. “माझ्या नव्या ऑफिसात लावणार आहे. काचेच्या पेटीत, बाबांच्या फोटोखाली.”

दाराजवळच्या स्टुलावर त्याची आई मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सकाळी “मीही येणार” एवढंच म्हणून ती गाडीत जाऊन बसली होती.

“हे मोडीत काढता येतं का हो?” तिनं विचारलं.

“आई!”

“विचारलं फक्त. वितळवून काहीतरी कामाचं होईल. दाराची बिजागरी वगैरे.”

भिंगकाका मिशीत हसले. थोरल्याचं डोकं तापलं. घरातल्या बायकांनी बाबांविरुद्ध जणू आघाडीच उघडली होती. बहीण तर बाबा गेल्यावर तोंड बघायलाही आली नाही. “तो माणूस एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार होता,” असं ती फोनवर खुशाल म्हणाली होती.

बाबा रागीट होते, हे त्यालाही मान्य होतं. डोकं फिरलं की ते कपाटातून रिव्हॉल्वर काढत आणि टेबलावर, आपल्या ताटाशेजारी ठेवत. मग कुणाचा घास घशाखाली उतरत नसे. पण ती शिस्त होती. गोळी कधी सुटली का? नाही. आणि बहीण त्यांच्या मनाविरुद्ध घर सोडून गेली, तेव्हापासून त्यांनी ते कुलपात टाकलं ते कायमचं. थोरला त्या आठवड्यात परगावी परीक्षेला गेला होता. परतला तर बाबा खिडकीशी गप्प बसून होते, एकदम खचलेले. लेकीच्या वियोगानं बाप असा मोडलेला त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

“तूच सांग आई, बाबांनी घरात कुणावर कधी हात तरी उगारला का?”

आई रस्त्याकडे बघत होती.

“हात नाही उगारला,” ती म्हणाली.

“झालं तर मग!”

भिंगकाकांनी गोळ्या भरायची फिरकी उघडून ती रिकामी असल्याची खात्री करून घेतली. मग मागचा घोडा अंगठ्यानं ओढून धरला आणि दिवा जवळ घेतला.

“हे शेवटचं कधी चालवलं होतं?”

“माझ्या आठवणीत तरी कधीच नाही.”

“चाललंही नसतं. इकडे या, बघा. घोड्याचं हे टोक गोळीच्या बुडावर आपटतं, तेव्हा बार उडतो. ते घासून सपाट केलंय. घोडा पडेल, खट्ट वाजेल, बस्स. आणि काम आजकालचं नाही. घासलेल्या जागेनंही काळपट डाग धरलाय. कित्येक वर्षं झाली असतील.”

थोरला वाकून बघत राहिला. आधी त्याला काही उमजेना, आणि उमजलं तेव्हा तो मोठ्यानं हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

“बाबांनीच! दुसरं कोण हात लावणार होतं त्याला? ऐकलंस आई? तुम्ही त्यांना राक्षस ठरवून मोकळ्या झालात. आणि त्या माणसानं स्वतःच्या रागाची धास्ती घेऊन आधीच त्याचे दात काढून ठेवले होते! आयुष्यभर आपण एका खेळण्याला घाबरलो.”

“याची नोंद हवी का विम्याच्या दाखल्यात?” भिंगकाकांनी विचारलं. “किंमत अजून उतरेल.”

“उतरू दे! ठळक लिहा. मी तर पेटीवर पाटीच लावणार आहे. कोण काय म्हणतं ते बघतोच.” त्यानं खिशातून फोन काढला. “आधी तुझ्या लेकीला सांगतो. बाबांच्या फोटोपुढे उभी करून माफी मागायला लावली नाही, तर नावाचा नाही मी.”

आई स्टुलावरून उठली. चालत त्याच्यापर्यंत आली आणि तिनं त्याच्या हातातला फोन बंद केला.

“तिला कशाला त्रास? तिला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“टोक मी घासलं. तुझ्या बाबांच्याच अवजारांच्या पेटीतली कानस घेऊन.”

भिंगकाकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

“तू?” थोरल्यानं मान झटकली. “काहीतरीच. आणि बाबांना ते कधी कळलंच नाही?”

“कळलं की.” आईनं पर्स खांद्याला लावली. “तुझी बहीण निघाली, तेव्हा मी तिला पाठीशी घालून दारात उभी होते. फिरकी पूर्ण फिरेपर्यंत तुझे बाबा आमच्यावर रोखून चाप ओढत राहिले.”