काउंटरच्या या बाजूला

"बोला आजोबा, काय देऊ? तुमच्या आवडीचं सांगा," काउंटरपलीकडची बाई म्हणाली आणि तोकुजी हामाया गडबडला.

शेहेचाळीस वर्षं हाच प्रश्न त्याने लोकांना विचारला होता. हिमीच्या बंदरावर त्याचं सुशीचं दुकान होतं. हात थरथरायला लागला, सुरी धरवेना, म्हणून गेल्या महिन्यात त्याने ते बंद केलं. आज तो ताकाओकाला गाडी बदलून मुद्दाम कानाझावाला आला होता. इथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. जन्मात एकदा गिऱ्हाईक होऊन बसायचं आणि पोटभर आपल्या आवडीचं खायचं, एवढीच हौस होती. त्यासाठी म्हातारा ठेवणीतला कोट घालून आला होता.

दुपारची गर्दी ओसरली होती. दुकानात ती दोघंच.

"नोकरी कुठे होती तुमची?" बाईने सहज विचारलं.

"लाकडाच्या वखारीत," तोकुजीने ठोकून दिलं. खरं सांगितलं असतं तर ती सुशीवाल्यासाठी करावी तशी सुशी करत बसली असती. "कॉडची पिशवी आहे का गं?"

नर कॉड माशाच्या पोटातली पांढरी, वळ्यावळ्यांची पिशवी. नवखा माणूस ती बघूनच तोंड फिरवतो. बाईने ती गरम पाण्यातून नुसती फिरवून वाटीत घातली. तोकुजीने दोन घासांत संपवली.

"आवडली?"

"ताजी आहे. पाण्यातून वेळेवर काढलीस. आमच्या हिला फार आवडायची. पण खायची डोळे मिटून. म्हणायची, बघितलं तर घशाखाली उतरायची नाही."

"मग आणायचं की त्यांना!"

"गेली ती. चार वर्षं झाली."

बाई ओशाळली. तिने उगाचच फळी पुसली.

मग तोकुजीने समुद्रकाकडी या समुद्रातल्या प्राण्याची खारवलेली आतडी मागितली. काड्यांनी उचलून चाखली, मान हलवली. "मीठ बरोबर. आमच्याकडच्या दातांच्या डॉक्टरांना हीच लागायची. दुसऱ्या कशाला हात लावायचे नाहीत." त्यानंतर स्वतःच्याच काळ्या शाईत मुरवलेली माकूल आली. "ही पोस्टमास्तरांची. खाऊन काळे दात घेऊन घरी जायचे. बायको दार उघडायची नाही."

बाई खळखळून हसली. "वखारीतल्या माणसाला इतक्यांची तोंडं ठाऊक? बरं, डॉक्टरांचं झालं, पोस्टमास्तरांचं झालं. आता तुमचं सांगा की!"

"सांगतो. थांब जरा."

तो आठवायला लागला. या बाईच्या हातचं एकूण एक त्याने नीट खाल्लं होतं. मीठ किती, मासा कधीचा, सुरी कुठे अडखळली, सगळं त्याला कळलं होतं. फक्त आवडलं का, ते काही केल्या कळत नव्हतं. गावातल्या दोनशे माणसांच्या आवडी त्याला तोंडपाठ होत्या. कोणाला कमी भात, कोणाला शिंपला चालत नाही, कोणाचं पोर कोळंबी बघून रडतं. स्वतःचं म्हणून काही आठवेना. बायको असती तर तिला विचारलं असतं. तिला नक्की माहीत असणार. आता ते सांगू शकेल असं कुणी उरलं नव्हतं, आणि ठेवणीतल्या कोटात बसलेल्या तोकुजीला एकाएकी फार एकटं वाटलं.

बाईने त्याला घाई केली नाही. ती आपल्या कामाला लागली. ट्यूनाचा मधला काटा समोर घेऊन त्याला चिकटलेलं मांस चमच्याने खरवडायला लागली. लालभडक चुरा वाटीत जमत गेला. तोकुजी टक लावून बघत होता.

"ते कुणाचं?"

"हे होय? हे माझं जेवण. गिऱ्हाइकाला कोण असलं देतं!"

"मला दे."

"अहो, काहीतरीच काय!"

"दे म्हणतो ना पोरी."

बाईने लाकडी बादलीच्या तळचा घट्ट झालेला भात काढला, त्यावर चुरा दाबला, सोयाचे चार थेंब टाकले आणि वेडावाकडा गोळा ताटलीत ठेवला.

तोकुजीने तो उचलला. स्टुलावरून उतरला, काउंटरकडे पाठ केली आणि उभ्या उभ्या दोन घासांत गट्ट केला. एक डोळा दाराकडे. मनगटाने तोंड पुसलं.

"हेच," तो म्हणाला. "हे मला आवडतं."

बाईच्या हातातला चमचा थांबला होता. सुशीवाला गिऱ्हाइकासमोर खात नाही. मधे क्षणभर उसंत मिळाली की पाठ फिरवून, असाच, तोंडात कोंबतो. तीही रोज असंच जेवायची.

"वखारीत किती वर्षं काढलीत आजोबा?" तिने हळूच विचारलं.

"शेहेचाळीस."

"बसा. आता कुणी येत नाही. सावकाश खा."

तिने दुसरा गोळा केला, या वेळी नीट वळून, चांगल्या ताटलीत. तोकुजी स्टुलावर बसला. कोट सारखा केला, काड्या घेतल्या, सावकाश चावून खाल्ला. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बसून नाही गं लागत चव," तो म्हणाला.

वाटीत बाईच्या वाटणीचा तेवढाच चुरा उरला होता. तिने त्याचा गोळा केला आणि ताटलीत न ठेवता, काउंटरवरून वाकून, सरळ त्याच्या थरथरत्या तळहातावर ठेवला.

तोकुजी उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.