गिरणीच्या भिंतीवरची बाई

बाळांनो, डोळ्यांसमोर एक लांब भिंत आणा. तुमसरजवळच्या एका तांदूळ गिरणीच्या मालकाने तिच्यावर आपल्या जुन्या कॅलेंडरातली सुंदरी पुन्हा रंगवून घेतली आहे. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती हसत हसत धान रोवते आहे.

रोवणीहून परतताना निर्मलाबाई तिथे थांबल्या.

"हे मीच आहो. पण गावात कोणी मानत नाही."

सोबतची नात खुशबू हसली. "काहून फेकून राहिली वं आजी? हिच्या पायाले तर चिखल बी नाही."

"मी जवान होती तवा कॅलेंडरचा पेंटर धानाच्या बांधीवर आला होता. तोंड माझं काढलं. पाय त्याच्या मनचे."

खुशबू बराच वेळ चित्रातल्या डोळ्यांकडे आणि आजीच्या डोळ्यांकडे पाहत राहिली. मग ती शेजारच्या बांधीत उतरली, ओंजळभर चिखल घेऊन आली आणि भिंतीवरच्या बाईचे पाय पोटऱ्यांपर्यंत माखू लागली.