दोन कोसांवरच्या तोफा

दाराची घंटा वाजली, पण घड्याळजीने मान वर केली नाही. ठार बहिरा माणूस घंटेला मान कशी वर करणार? मात्र आत कोण आलं ते त्याला पावलांवरून कळलं. डावी चप्पल अशी घासत चालणारी गावात एकच बाई होती, त्याची वहिनी. महिन्यातून एकदा त्या यायच्या आणि त्याच्या पाठीमागच्या बाकावर बसायच्या.

गावाच्या लेखी तो सात वर्षं बहिरा होता. गावाची त्यात सोयच झाली होती. लोक त्याच्या दुकानात बसून खुशाल एकमेकांची उणीदुणी काढत आणि जाताना त्याच्या कानाशी "येतो बरं का!" असं बोंबलत. भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम बारा ठोके देऊ लागली की गिऱ्हाईक दचकायचं. हा मात्र शांतपणे स्क्रू पिळत राहायचा. न दचकण्याची त्याने चांगली आठ दिवस तालीम केली होती.

ती करून घेतली होती त्याच्या जुन्या पलटणीतल्या कॅप्टनच्या वकिलाने. सात वर्षांपूर्वी, लढाईच्या दिवशी, घड्याळजीला टेकडीच्या अलीकडे कान देऊन बसवलं होतं, कारण अख्ख्या पलटणीत त्याच्याइतका तिखट कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. टेकडीपलीकडे, दोन कोसांवर, त्याचा थोरला भाऊ तोफखान्यावर होता. माथ्यावर शत्रूची नजर असल्यामुळे चढून पाहायची सोय नव्हती. तोफा ऐकू आल्या की पलटणीने मदतीला धावायचं, एवढंच ठरलं होतं. कॅप्टनने चार वेळा विचारलं. चारही वेळा तो "नाही" म्हणाला. संध्याकाळी कळलं की तोफा सकाळपासून धडधडत होत्या. तोफखान्यावरचं एकही माणूस उरलं नव्हतं.

दोघांवर चौकशी बसली तेव्हा वकील कोठडीत येऊन म्हणाला, "झोपला असशील तर गोळी. बहिरा झाला असशील तर घर. बोल, काय झालास?"

तो बहिरा झाला. लष्कराच्या डॉक्टरने त्याच्या पाठीमागे पितळी तबक आपटलं, त्याची पापणीसुद्धा लवली नाही. तो सुटला, कॅप्टनही सुटला. मात्र हे सोंग उघडं पडलं असतं तर दोघेही पुन्हा त्याच कठड्यात उभे राहिले असते, आणि कॅप्टनला तीन मुली होत्या.

खरं दुखणं वेगळंच होतं. आपण जागे होतो, अशी त्याची स्वतःची खात्री होती. त्या दिवशी घोड्यांनी चारा चावल्याचं त्याने ऐकलं होतं, शेजारच्या शिपायाच्या पोटातली गुरगुर ऐकली होती. मग तोफा कुठे गेल्या? जेवताना, दाढी करताना, घड्याळ उघडून बसल्यावर, एकच शंका त्याला कुरतडायची. डुलकी तर लागली नव्हती ना?

आणि वहिनी दर महिन्याला येऊन तेच बोलायच्या. त्याच्या पाठीकडे बघत, हलक्या आवाजात, भिंतीशी बोलावं तसं. "मी इथे वीस कोसांवर ऐकलं, भावोजी. फडताळातली भांडी वाजत होती. तुमचा भाऊ दोन कोसांवरून बोलावत होता. तुम्ही ऐकलं नाहीत." बिचारी बहिऱ्यापुढे मन मोकळं करते, असं समजून तो ऐकून घ्यायचा. दुसरं करणार तरी काय?

आज मात्र वहिनींनी वेगळंच बोलणं काढलं. म्हणाल्या, "शाळेतले जुने मास्तर घरी आले होते. त्या दिवशी कुठे काय ऐकू आलं, हे विचारत दोन वर्षं गावोगाव फिरतायत."

घड्याळजीने चिमट्यात बारीक चाक धरलं होतं.

"टेकडीच्या टोकाला नदी आहे ना, तिथे बायका धुणं धूत होत्या. त्यांनी समोर धूर पाहिला. तोफांच्या तोंडचा जाळ पाहिला. आवाज एकीलाही आला नाही. आपल्यालाच काहीतरी झालंय, असं वाटून बिचाऱ्या घाबरून घरी पळाल्या." बाक करकरला, वहिनी पुढे सरकल्या. "मास्तर म्हणतात, खालच्या वाऱ्याने आवाज वर उचलला आणि वरच्या वाऱ्याने लांब नेऊन टाकला. तो तुमच्या डोक्यावरून गेला, भावोजी. तुमच्यापर्यंत आलाच नाही. तो आला माझ्या स्वयंपाकघरात."

चाक चिमट्यातून निसटून मेजावर गरगरत गेलं.

तो जागा होता. दादा गेला होता, पण याच्या झोपेपायी नव्हे. घड्याळजीला वाटलं, खुर्ची मागे ढकलून उठावं, वहिनींचे पाय धरावेत, सात वर्षांचं सगळं एकदम बोलून टाकावं. मग त्याला कॅप्टन आठवला, त्याच्या मुली आठवल्या, आणि तो बसून राहिला. डोळ्याला लावलेल्या भिंगात पाणी साचलं. पुसायला हात वर केला असता तर पाठीमागून दिसलं असतं. त्याने चाचपडत चाक शोधलं आणि पुन्हा चिमट्यात धरायचा प्रयत्न केला. ते काही केल्या धरता येईना.

वहिनी उठल्या. चप्पल घासत दारापर्यंत गेल्या आणि कडीवर हात ठेवून थांबल्या.

"भावोजी, सात वर्षं मी इथे येऊन जे जे बोलले," त्या त्याच हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते तुम्हाला ऐकू आलं नाही, असंच समजा."