चालू स्थितीत

रविवारी दुपारी साडेबाराला केडगावच्या ‘धमाल गेम झोन’मध्ये अठरा माणसं खेळत होती. मागच्या रविवारी तीन आली होती, त्यातली दोन मोबाईल चार्ज करायला.

आजची अठराही मुकादम सहादेवने टेम्पोत घालून आणली होती, रोजंदारीवर. मालक कानिफनाथने त्याला दोनच अटी घातल्या होत्या. माणसं केडगावची नकोत, आणि कोणी नुसतं उभं राहायचं नाही. धनश्रीचं स्थळ आलं होतं आणि तिच्या वडिलांना मुलगा पसंत होता. फक्त त्याचा धंदा एकदा चालू स्थितीत बघायचा होता. जुना ट्रॅक्टर घेतानाही ते असंच करत.

“या मामा, या,” कानिफनाथ दारातच वाकला.

धनश्रीचे वडील, बजरंग, चपला काढून आत आले आणि थबकले. मागून धनश्री आली.

“लई गर्दी हाय की वो पाव्हणं!” बजरंग म्हणाले. “आमच्याकडं कांदा काढायचा पडलाय रानात. चार दिस झालं, एक बाई मिळंना. आन् हितं बघा. लोकं पैशे दिऊन घाम गाळत्यात.”

“रोजच असते,” कानिफनाथ म्हणाला. “रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते.”

“आज रविवारच आहे,” धनश्री म्हणाली.

कानिफनाथ हसला. मग हसणं आवरून एसीचा रिमोट शोधायला लागला.

माणसं मन लावून खेळत होती, हीच खरी अडचण होती. हसत कोणीच नव्हतं. खुरपायला पात धरावी तसं एकेकाने एकेक मशीन धरलं होतं आणि मान खाली घालून उरकत आणलं होतं. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा भोकांतून वर येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बेडकांना हातोडा घालत होते. एकही सुटू देत नव्हते. दोन बायका जाळीत चेंडू टाकत होत्या. टाकण्याआधी प्रत्येक चेंडू झटकून घेत होत्या, त्याला माती लागल्यासारखा.

“शिस्तीत खेळत्यात,” बजरंग कौतुकाने म्हणाले.

चहा आला. बजरंगांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि घड्याळात एक वाजला.

सहादेवने शिट्टी मारली. “चला, जेवायची सुट्टी!”

अठरा हात एकदम थांबले. पडद्यावरची मोटारसायकल भिंतीवर जाऊन आदळली, तिच्याकडे कोणी बघितलं नाही. माणसं होती तिथेच, दोन मशीनांच्या मधे, फरशीवर बसली. फडकी सुटली. एसीच्या गारव्यात ठेच्याचा वास भरला.

“सहल आलीय, मामा,” कानिफनाथ म्हणाला. “ग्रुप बुकिंग.”

बजरंगांची नजर फडक्यांवरून फिरली. बशी तशीच हातात.

जेवणं दहा मिनिटांत उरकली. आजोबांनी हात धुतले, बेडकांच्या मशीनला पाठ टेकली आणि खिशातून मोबाईल काढून गेम लावला. मग बाकीच्यांनीही काढले. सकाळपासून खेळून दमलेली माणसं जरा विरंगुळा म्हणून खेळायला लागली. आता मात्र हसण्याचे आवाज यायला लागले.

“कुठली सहल म्हणायची ही?” बजरंगांनी विचारलं.

कानिफनाथच्या आधी अजून जेवत असलेला सहादेवच बोलला, तोंडात घास ठेवून. “सारोळ्याची.”

बजरंगांनी बशी खाली ठेवली. ते सारोळ्याचेच होते.

ते मशीनांच्या रांगेतून हळूहळू चालत गेले. शेवटच्या रेसिंग कारमध्ये एक बाई अजून सीटवरच बसली होती. तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

“रंगुबाई?”

पदर आणखी खाली आला.

“काल तू निरोप धाडलास, कंबर धरलीय, कांद्याला यायची न्हाय म्हनून.”

“धरलीच हाय की, आण्णा,” पदराआडून रंगुबाई म्हणाली. तिचा एक हात अजून स्टेअरिंगवर होता. “म्हनून तर बसायचं काम घेतलं.”

कोणी हसलं नाही. मोबाईलचे आवाज एकेक करून बंद झाले. अठरा माणसं फरशीकडे बघत बसली. आजोबांच्या मागे बेडूक वर येत होते, खाली जात होते, त्यांना मारायला कोणी नव्हतं. कानिफनाथला त्यातल्या एका भोकात शिरून बसावंसं वाटलं. पण ते मशीन आत गेलेल्याला लगेच वर ढकलत होतं.

धनश्री त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“आम्ही आलो नसतो, तर आत्ता इथे कोण असतं?”

“मी,” कानिफनाथ म्हणाला.

तिने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याला कळलं नाही. वर बघायची हिंमतच झाली नाही.

या सगळ्यात एकट्या सहादेवला काही कळलं नव्हतं. तो हात पुसत पुढे आला. “मालक, उद्या बी खेळायला यायचं का?”

उत्तर बजरंगांनी दिलं.

“उद्या समदे कांद्याला. सातला रानात पायजेल.”

त्यांनी बोट उचललं आणि एकेक माणूस मोजत आणला. आजोबा, चेंडूवाल्या बायका, रंगुबाई. अठरा झाली. बोट पुढे सरकलं आणि कानिफनाथपाशी थांबलं.

“तुमी बी या,” ते म्हणाले.

कानिफनाथने वर बघितलं तोवर बोट खाली गेलं होतं. बजरंग दारात पाठमोरे उभे राहून चपलेत पाय घालत होते. धनश्री केव्हाच बाहेर गेली होती.

“आन् डबा घरून आना.”