चाळीस सायकलींचे ब्रेक

१. तक्रार कशाबद्दल

सायकल क्लबाच्या सचिवांनी तक्रारीचा फॉर्म काउंटरवर असा आपटला की वाटीतले बेअरिंगचे छर्रे टुणकन उडाले.

"हायड्रॉलिक डिस्क ब्रेक," लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हणाले. "परवडणारे. परवडणारे म्हणजे काय, ते माझ्या मुलीला येऊन विचारा. खांद्याचं हाड मोडून बसलीय घरी."

दुकानदार काउंटरमागे होता. क्लबात त्याला सगळे स्पोक म्हणत. अंगाने चाकाच्या तारेसारखाच होता, आणि आज उभाही तसाच होता, ताठ आणि गप्प.

दीड महिन्यापूर्वी याच काउंटरवर मुलीने माउंटन बाइकचे ब्रेक निवडले होते, पहिल्या पगारातून. सचिवांचं बोट सगळ्यांत महागड्या जोडीवर होतं. स्पोकने ते तिथून काढायला लावलं. पोरीचं वजन ते किती, तिला चार पिस्टनचे ब्रेक कशाला? हे दोन पिस्टनचे घ्या, पॅड कुठेही मिळतात, एका बोटाने लिव्हर दाबली तरी सायकल जागच्या जागी उभी राहते. त्याचं ऐकून क्लबानेही तेच ब्रेक ठरवले. चाळीस सायकली, चाळीस जोड्या, बसवायचं काम स्पोककडे. त्या भरवशावर त्याने शेजारचा गाळाही घेऊन टाकला होता. सचिवांची सही तेवढी राहिली होती.

आणि परवा टाकीच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, मुलीने लिव्हर दाबली आणि सायकल थांबलीच नाही.

"एक बोट म्हणाला होतात ना?" सचिव म्हणाले. "चारही बोटांनी दाबलं तिने."

२. दुकानदाराचं म्हणणं

कोपऱ्यातल्या स्टुलावर क्लबातली दंतवैद्यीण ट्यूब बदलून घ्यायला बसली होती. तिने मधेच तोंड घातलं. चाळीस जणांच्या जिवाचा प्रश्न आहे, तेव्हा भांडत बसण्यापेक्षा तो ब्रेक इथेच खोलून बघू या, असं तिचं म्हणणं पडलं. सायकल कालच दुकानात आली होती. सचिवांनाही ते पटलं.

"डिस्क आणि पॅड नाहीत," स्पोक म्हणाला. "टाकून दिले."

"पुरावाच टाकून दिलात?"

"खराब झाले होते."

सचिवांचं डोकं सणकलं. मग त्यांनी काही हातचं राखलं नाही. लोकांच्या लेकराबाळांच्या जिवाशी खेळून वर असं ताठ उभं राहायला लाज वाटत नाही का, इथपासून सुरुवात झाली. मुलीच्या सायकलीची निगा ते स्वतः राखत होते, दर रविवारी, न चुकता. तीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती, त्यांच्या हातून गेलेलं एकही यंत्र परत आलं नव्हतं. आणि हा ब्रेक? पहिले आठ दिवस किंचाळत होता. सगळी गल्ली वळून बघायची. मग एक दिवस गप्प झाला.

"तेव्हाच मेला असणार तो," सचिव म्हणाले. "आणि आम्ही समजलो, सुधारला."

स्पोकने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मग मिटलं, आणि हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

दंतवैद्यीण वैतागली. "अहो, बोला की काहीतरी. हातातलं काम जातंय तुमचं. माझे पेशंटसुद्धा तुमच्यापेक्षा जास्त तोंड उघडतात."

"ब्रेक चांगलेच आहेत," स्पोक म्हणाला. "क्लबाने दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतले तरी चालतील. बसवताना माझी चूक झाली. लिहा तसं."

सचिवांनी लिहिलं. स्पोकने खाली सही केली, नीट, पूर्ण नावाने.

३. सचिवांचा निर्णय

काम रद्द. दुकान क्लबाच्या यादीतून काढलं.

सचिवांनी ते वाचून दाखवलं, मुद्दाम सावकाश. स्पोकने एवढंच विचारलं, की हाड जुळायला किती दिवस सांगितलेत.

"तुम्हाला काय करायचंय?" असं म्हणून सचिव पायऱ्या उतरले. रस्ताभर ते धुमसत होते. वाद नाही, खुलासा नाही, निदान दोन अश्रू तरी. चूक झाली म्हणे, जसा काही चहात साखर घालायला विसरला. आणखी चार शब्द सुनावायला हवे होते, असं त्यांना घराचं दार येईपर्यंत वाटत राहिलं.

४. स्वाराचं म्हणणं

हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म समितीपुढे जात नसे. मुलगी खिडकीशी बसली होती, उजवा हात गळ्यात अडकवलेला. सचिवांनी फॉर्म तिच्या मांडीवर ठेवला. ती वाचत गेली. दुसरा रकाना तिने दोनदा वाचला.

"हे त्यांनी लिहून दिलं?"

"मी लिहिलं. सही त्याची. हात धरून करून घेतली नाही मी."

"मी फक्त..." ती थांबली. "काम गेलं त्यांचं?"

"गेलं. आता गाळाही जाईल. बरं होईल."

तिने स्पोकच्या सहीवरून डाव्या हाताचं बोट फिरवलं. आपली मुलगी फार मऊ मनाची आहे, असं सचिवांना वाटलं. त्यांनी खुर्ची ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"तुला लिहिता यायचं नाही. तू सांग, मी लिहितो."

"जसंच्या तसं लिहाल?"

"सचिव आहे मी. शब्दन् शब्द लिहीन."

"मग लिहा," ती म्हणाली. "ब्रेक किंचाळतो म्हणून बाबांनी डिस्कवर मशीनचं तेल सोडलं होतं, आणि हे बाबांना कधीच कळू देऊ नका, असं पडल्यावर स्पोककाकांना फोन करून मीच विनवलं होतं."