नावाचा कागद

फ्रान्समधल्या त्या कचेरीत इंग्लंडच्या डोरीनबाई तिसऱ्यांदा आल्या होत्या. राहण्याचा परवाना मिळाला नाही, तर त्यांनी आणि नवऱ्यानं मिळून लावलेल्या द्राक्षवेलीचं घर महिनाअखेर सोडायचं होतं.

खिडकीतली कारकून म्हणाली, "मादाम, विजेचं बिल यजमानांच्या नावावर आहे. ते तर वारले."

"अहो, नाव बदलायला वीजवाले परवाना मागतात!"

"बरोबरच आहे त्यांचं."

"आणि परवान्यासाठी तुम्ही बिल मागता! मग मी नांदू तरी कुठे, बाई?"

"या गावातल्या जागेचा, तुमच्या नावाचा एक तरी कागद दाखवा."

डोरीनबाईंनी पिशवीच्या तळातून एक घडी काढली. दफनभूमीतली, नवऱ्याशेजारची जागा त्यांच्या नावावर होती.

"घ्या. फक्त राहायला कधी जाणार, ते विचारू नका."