ऑइल कुठं गेलं

"बंद करा, बंद करा आधी!" नत्थूजी ओरडले. जितेंद्रने चावी फिरवली. इंजिनाची खटखट थांबली.

"ऑइलचा लाल दिवा लागला असताना गाडी चालवत आणली?" नत्थूजींनी बॉनेट उघडलं. "दिसला नाही का?"

"मले फाटकातच दिसला," जितेंद्र म्हणाला. "बाबा म्हणत होते, दिवा-बिवा काही नाही, नुसता आवाज येऊन राहिला. म्हटलं, दोन चौकच तर जायचं आहे."

त्याचे वडील, गोपाळराव, दारापाशी उभे होते. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून मुलाला चालवायला बसवलं होतं. बाबा चांगलेच घाबरलेत, असं जितेंद्रला तेव्हाच वाटलं होतं.

घाबरण्यासारखं होतंच. गोपाळरावांची ती पांढरी गाडी म्हणजे घरातलं एक वडीलधारं माणूस होतं. तिला कुणी हात लावायचा नाही आणि उलट तर बोलायचंच नाही. दर दसऱ्याला ते स्वतः गाडीखाली आडवे होऊन ऑइल बदलत आणि मगच तिला झेंडूची माळ घालत. पण यंदा दसऱ्याआधी घरात मोठी खडाजंगी झाली होती. सूनबाई, हर्षा, जेवताना बोलून गेली होती की बाबांनी आता गाडी चालवू नये. गोपाळराव ताटावरून उठले होते. शेवटी जितेंद्रने निकाल दिला: इंजिन आहे तोवर बाबा चालवतील. इंजिन गेलं की गाडी भंगारात.

आणि उद्या गोपाळराव नातीला, खुशीला, घेऊन रामटेकला जाणार होते. पोरगी आठवडाभर नाचत होती.

नत्थूजींनी ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून काढली. टोकाला जेमतेम थेंब होता.

"इंजिन गेलं का?" गोपाळरावांनी विचारलं.

"थांबा ना, काकाजी."

नत्थूजी टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले. गळती नव्हती. निळा धूरही निघाला नव्हता, म्हणजे ऑइल जळतही नव्हतं. मग त्यांनी टॉर्च ऑइलच्या टाकीखालच्या नटावर धरला.

"खालचा नट कोणीतरी खोलला," ते बाहेर येत म्हणाले. "पान्याच्या खुणा ताज्या आहेत. ऑइल काढलं आणि नट पुन्हा नीट कसून ठेवला. गेलं नाही हे ऑइल, काढलं आहे."

जितेंद्रने सावकाश मान वळवली. मागच्या सीटवरून उतरलेली हर्षा खांबाला टेकून उभी होती.

"पहिले इंजिन पाहू," नत्थूजी म्हणाले. त्यांनी ऑइल भरलं, दिव्याचा सेन्सर काढून तिथं दाब मोजायचं मीटर बसवलं. आतला आवाज ऐकायला लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. "मारा सेल्फ."

इंजिन सुरू झालं. खटखट खटखट. मीटरचा काटा जागचा हलेना. गोपाळराव पुढे झाले, अगदी मीटरवर वाकले.

मग काटा सरकला. चढत गेला आणि थांबला. खटखट विरत विरत नाहीशी झाली.

"वाचलं!" नत्थूजींनी पेचकस खाली ठेवला. "दाब एकदम बरोबर आहे. उद्या बिनधास्त रामटेकले जा."

"पक्कं?" गोपाळरावांनी विचारलं. "पुन्हा एकदा पाहा ना गा."

"काय पाहायचं त्यात? अजून दहा वर्षं पळते."

गोपाळराव मटकन स्टुलावर बसले. जितेंद्रने गाडी बंद करून चावी काढली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हर्षाकडे वळला. आता त्याला धीर धरवेना.

"घरात तुलेच नको होती न बाबाची गाडी? भर रस्त्यात इंजिन जाम झालं असतं तं? उद्या आपली पोरगी बसणार होती त्यात!"

हर्षाने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं.

"हो. मीच काढलं. पुन्हा भराल तं पुन्हा काढीन. बाबांनी गाडी चालवू नये, बस."

जितेंद्रचा हात उगारला गेला. गोपाळराव ताडकन उठले आणि मध्ये आले.

"खबरदार! सुनेवर हात उचलतो?" त्यांनी जितेंद्रच्या हातातली चावी त्याच्याच मुठीत घट्ट दाबली. "एका गाडीपायी घर तोडाचं आहे काय? आजपासून ही गाडी तुयी. उद्या तूच ने खुशीले. मी हात लावणार नाही."

जितेंद्रचे डोळे भरून आले. एवढ्या तापट माणसाने सुनेचा एवढा मोठा गुन्हा असा पोटात घालावा! तो हर्षाशी एक शब्द न बोलता हिशेब चुकता करायला नत्थूजींबरोबर आत गेला. गाडी घरी आणायला तो थांबणार होता.

हर्षाने रस्त्यावर ऑटोला हात केला. चढताना गोपाळरावांचा पाय पायरीवर नीट पडेना, तेव्हा तिने त्यांचा दंड धरला. ऑटो सुटला. ऑटोवाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात गोपाळराव म्हणाले,

"काहून खोटं बोलली वं, बेटा? ऑइल तं म्याच काढलं होतं."

"माहीत आहे, बाबा," हर्षा म्हणाली. "पण आता डोळ्यांनं दिसत नाही, हे तुमच्यानं खुशीच्या बाबाले सांगवलं असतं का?"